ड्राफ्टबाहेर राहिलेल्या हॉकीपटूंचे मूल्यमापन करणारी अहवाल-सेवा : दोन हंगामांच्या वापरानंतरचे परीक्षण

आइस हॉकीच्या ज्या तरुण खेळाडूंना नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, एकाही संघाने निवडले नाही, त्यांच्यापैकी कोण व्यावसायिक कराराच्या योग्यतेचा आहे हे सांगणाऱ्या एका सशुल्क अहवाल-सेवेचा मी सलग दोन हंगाम वापर केला. अमेरिकेतील कॉलेज हॉकी, कॅनडातील ज्युनियर लीग आणि युरोपातील लीग अशा तीन भागांत तिचे अहवाल विभागलेले असतात, आणि प्रत्येक अहवालात लेखी निरीक्षणे, चित्रफिती, एक अंतिम गुणांक आणि कराराविषयीची माहिती मिळते. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्या त्रुटींविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे आणि त्या त्रुटी एकट्या तिच्याच आहेत असे मला वाटत नाही. अशी कोणतीही सेवा घेण्याआधी वाचकाने तिच्यात काय तपासून पाहावे, हे या परीक्षणातून समजावे अशी माझी इच्छा आहे.

हे काम मुळात किती अवघड आहे, हे आधी लक्षात घेणे न्यायाचे ठरेल. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये 2005 पासून सातच फेऱ्या होतात. सध्या संघ 32 आहेत, म्हणजे वर्षाला साधारण 224 नावे पुकारली जातात. पूर्वी नऊ फेऱ्या होत असत, त्यामुळे जी मुले तेव्हा आठव्या-नवव्या फेरीत घेतली जात, ती आता बाहेरच राहतात. पात्रता 15 सप्टेंबरला अठरा वर्षे पूर्ण होतात का, यावरून ठरते. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाची पाळी, एका दिवसाने लहान असलेल्या मुलाच्या आधी एक संपूर्ण वर्ष येते, आणि अठराव्या वर्षी एका वर्षात उंची, वजन आणि स्केटिंगमधला जोर किती बदलतो हे हा खेळ जवळून पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दुसरीकडे, कोणत्याही संघाला एका वेळी 50 पेक्षा अधिक एनएचएल करार ठेवता येत नाहीत. ड्राफ्टबाहेरचा खेळाडू म्हणजे फुकटात मिळालेला खेळाडू, असे म्हणणारे लोक ही पन्नासांतली एक जागा विसरतात. पैसा थोडा लागत असेल, पण चुकीच्या माणसाला दिलेली जागा दोन-तीन वर्षे अडून राहते.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात दिसते. खेळाडू किती चांगला आहे, या प्रश्नापासून तिथे सुरुवात होत नाही; तो वगळला का गेला, आणि वगळण्याचे ते कारण आज शिल्लक आहे का, हे दोन प्रश्न आधी सोडवले जातात. माझ्या मते ड्राफ्टबाहेरच्या खेळाडूचे सगळे मूल्यमापन याच दोन प्रश्नांवर उभे असते. त्याला पाहिलेल्या अनेक स्काउटांनी (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या निरीक्षकांनी) आपापल्या संघाला 'नको' असे सांगितलेले असते, आणि ती सारी माणसे अजाण होती असे धरून चालता येत नाही. त्यांनी काय पाहिले आणि त्यानंतर काय बदलले, हे सांगता आले तरच नव्या अंदाजाला आधार मिळतो.

ही कारणे एका जातीची नसतात. मार्टिन सेंट लुई व्हरमाँट विद्यापीठाकडून गुणांची (गोल आणि गोलाला केलेले साहाय्य) रास लावत असूनही निवडला गेला नाही, कारण त्याची उंची 5 फूट 8 इंच होती आणि 1990 च्या दशकातील हॉकीत धरपकड व अडवणूक यांना बरीच मोकळीक होती. कॅल्गरी फ्लेम्सने 1998 मध्ये त्याला करारबद्ध केले, 2000 मध्ये सोडून दिले, आणि 2004 मध्ये टॅम्पा बे लाइटनिंगकडून खेळताना त्याने एकाच हंगामात एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप, सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक मिळवला. त्याची उंची काही वाढली नव्हती; पहिल्या दोन पावलांतला त्याचा वेग आणि पकाभोवतीची (पक म्हणजे या खेळातील चकती) त्याची बुद्धी यांच्यापुढे त्या कारणाचा अर्थ संपला होता. डिनो सिसरेलीच्या बाबतीत कारण दुखापतीचे होते: ज्युनियर हॉकी खेळताना मांडीचे हाड मोडल्यामुळे संघ मागे सरले, मिनेसोटा नॉर्थ स्टार्सने 1979 मध्ये करार केला, आणि पुढे त्याने एनएचएलमध्ये 608 गोल केले. ओवेन साउंडच्या ज्युनियर संघातून आलेला मार्क जॉर्डानो उशिरा पिकणाऱ्यांपैकी होता. कॅल्गरीशी 2004 मध्ये करार झाल्यानंतर 2007-08 चा हंगाम त्याने मॉस्को डायनामोकडून रशियात काढला, तो परत आला, आणि सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याच्या हाती आला तो 2019 मध्ये, वयाच्या 35व्या वर्षी. उंची, दुखापत आणि उशिरा येणारी परिपक्वता ही तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि त्यांची तपासणीही वेगवेगळ्या रीतीने करावी लागते. ही सेवा तसा भेद करते, आणि माझ्या वाचनात आलेल्या इतर अहवालांत तो मला इतक्या सातत्याने आढळलेला नाही.

मात्र इतकी विचारपूर्वक लिहिलेली सुरुवात अहवालाच्या शेवटी एका गुणांकात कोंबली जाते, आणि तिथेच माझी पहिली गंभीर तक्रार आहे. कॉलेजच्या चौथ्या वर्षातील, 24 वर्षांच्या एका आघाडीच्या खेळाडूला आणि ज्युनियर लीगमधील 20 वर्षांच्या दुसऱ्या एका खेळाडूला पहिल्या हंगामात नेमका सारखा गुणांक दिलेला मी पाहिला. दोघांची आजची क्षमता सारखी असेलही, पण एकाची वाढ जवळजवळ पूर्ण झालेली आहे आणि दुसऱ्याची चालू आहे, ही गोष्ट त्या आकड्यात कुठेच उतरत नाही. वयाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते याचे उदाहरण जुने नाही. सेंट क्लाउड स्टेटच्या ड्रू लब्लांकने 2013 मध्ये कॉलेज हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळवला, शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याच्याशी करार केला, आणि एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला फक्त 2 सामने आले. पाय मोडल्याने आदल्या हंगामाचा मोठा भाग वाया गेला होता आणि तो कॉलेजमधील पाचव्या वर्षी खेळत होता. समोरच्या संघांत त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान मुले होती. त्याने परत येऊन जे केले ते कौतुकास्पदच होते, परंतु तेविसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलांवर मिळवलेले वर्चस्व आणि एकोणिसाव्या वर्षी तेवीस वर्षांच्या पुरुषांवर मिळवलेले वर्चस्व यांना एकाच मापाने मोजता येत नाही. सेवेने वयानुसार दुरुस्त केलेला दुसरा आकडा बाजूला छापला, तरी ही उणीव बरीच भरून निघेल.

अहवालांतील भूमिकेविषयीचा भाग मला सर्वाधिक उपयोगी पडला, आणि वर्गणीचे पैसे वसूल झाले असतील तर ते त्यामुळेच. कॉलेजात किंवा ज्युनियर संघात जो खेळाडू पहिल्या फळीत (आघाडीच्या एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंच्या गटात) असतो, पॉवर प्लेमध्ये (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) ज्याच्याकडे पक सतत येतो आणि जो सामन्यातली पाऊण लढाई आपल्या मनाप्रमाणे खेळतो, त्याला व्यावसायिक हॉकीत बहुधा चौथ्या फळीतल्या आठ-दहा मिनिटांतच आपली किंमत सिद्ध करावी लागते. पॉवर प्ले त्याच्या वाट्याला येत नाही. त्याऐवजी पेनल्टी किल (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा बचाव), आपल्या टोकातला फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणे), बोर्डलगतची (रिंकच्या कडेच्या भिंतीलगतची) झटापट आणि पक आत टाकून त्याच्यामागे धावणे ही कामे येतात. ज्याच्याजवळ गोल करण्याशिवाय दुसरे काही नाही, तो दुसऱ्या फळीइतका चांगला नसेल तर त्याला संघात जागाच उरत नाही. क्रिस कुनिट्झ फेरिस स्टेटमध्ये गोल करणारा खेळाडू होता, पण अनाहाइमने 2003 मध्ये करारबद्ध केल्यानंतर तो टिकला तो पकामागे जाण्याच्या, बोर्डलगत अंग टाकण्याच्या आणि मोठ्या खेळाडूंसाठी जागा मोकळी करून देण्याच्या वृत्तीमुळे, आणि कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर चार स्टॅनले कप होते. सेवेचा अहवाल प्रत्येक खेळाडूबद्दल 'तो वर गेल्यास कोणते काम करील' असा उघड प्रश्न विचारतो आणि उत्तर न सापडल्यास तसेही लिहितो. असे प्रांजळपणे लिहिणाऱ्या निरीक्षकांविषयी मला आदर वाटतो.

याच भागात काही निरीक्षणे इतकी नेमकी असतात की त्यांच्यामुळे माझी सामना पाहण्याची पद्धत बदलली. पक स्वीकारण्याआधी खेळाडू खांद्यावरून मागे किती वेळा पाहतो. दबावाखाली पहिला स्पर्श पक पुढे नेणारा असतो की पायांत अडकवणारा. बचावपटू आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेवरील निळ्या रेषेवर प्रतिस्पर्ध्यापासून किती अंतर राखतो आणि ते अंतर शिफ्टच्या (बर्फावर एका वेळी उतरण्याच्या पाळीच्या) शेवटच्या दहा सेकंदांत, पाय थकल्यावर, वाढते का. पक हरवल्यानंतरची पहिली तीन पावले आपल्या गोलाच्या दिशेने पडतात की नाराजीने वळसा घेतात. गुणतक्त्यात यांतले काहीच दिसत नाही, आणि वरच्या पातळीवर वेळ व जागा दोन्ही आक्रसल्यावर नेमक्या याच गोष्टी खेळाडूला तारतात किंवा बुडवतात. एका बचावपटूबद्दल अहवालात लिहिले होते की तो मागे स्केटिंग करताना डावीकडे वळताना नेहमी एक जादा पाऊल टाकतो. मी त्याचे चार सामने पुन्हा पाहिले. निरीक्षण खरे होते, आणि प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनीही ते हेरले असावे असे त्यांच्या आक्रमणाच्या बाजूवरून वाटले.

चित्रफितींच्या बाबतीत पहिल्या हंगामात निराशा झाली. निवडक चांगले क्षण जोडून केलेली फीत चाहत्यांना आवडते, मूल्यमापनासाठी मात्र ती जवळजवळ निरुपयोगी असते, कारण खेळाडू चुकला कुठे आणि चुकल्यावर त्याने काय केले हेच तिच्यात नसते. दुसऱ्या हंगामापासून एका सामन्यातील सर्व शिफ्टची सलग फीत मिळू लागली. या एका बदलामुळे सेवेचे मोल माझ्या दृष्टीने कितीतरी वाढले.

युरोपीय विभागाबद्दल असे म्हणता येत नाही. तेथील अहवाल बऱ्याचदा आकड्यांवरून लिहिलेले वाटतात. एखाद्या लीगमधील गुणांना ठरावीक गुणकाने गुणून एनएचएलमधील संभाव्य गुण काढण्याची रीत सर्वज्ञात आहे आणि पहिल्या अंदाजासाठी ती योग्यही आहे, पण तेवढ्यावर अहवाल उभा राहत नाही. युरोपात अनेक ठिकाणी रिंकची रुंदी 30 मीटरपर्यंत असते, एनएचएलमध्ये ती 85 फूट, म्हणजे जेमतेम 26 मीटर असते. कडेने वळसा घेऊन बचाव मोडणाऱ्या खेळाडूची ती चार मीटर जागा काढून घेतल्यावर तो आत, गोलासमोरच्या गर्दीत शिरतो की कडेवरच घुटमळत राहतो, हे पाहणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. आर्टेमी पानारिन आत शिरला: शिकागोने 2015 मध्ये त्याला रशियातून आणले, पहिल्याच हंगामात त्याने 77 गुण मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक पटकावला. फेबियन ब्रुनस्ट्रॉमसाठी 2008 मध्ये अनेक संघांत चढाओढ झाली होती, डॅलस स्टार्सकडून पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले, आणि तरीही त्याची एनएचएल कारकीर्द 104 सामन्यांत आटोपली. वादिम शिपाचॉव्ह रशियन लीगमध्ये सिद्ध झालेला खेळाडू होता. व्हेगासने 2017 मध्ये त्याच्याशी दोन वर्षांचा मोठा करार केला आणि 3 सामन्यांनंतर तो मायदेशी परतला. या तिघांनाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नव्हते, तिघांचेही मायदेशातील खेळणे लक्ष वेधणारे होते, आणि त्यांच्यातला फरक कोणत्याही गुणकाने सांगितला नसता. सेवेच्या युरोपीय अहवालांत रिंकच्या रुंदीचा उल्लेख मला दोन हंगामांत अगदी मोजक्या वेळा दिसला, याचे वाईट वाटते.

गोलरक्षकांचे अहवाल हा सर्वांत दुबळा भाग आहे. विजय-पराजयाचा हिशेब आणि अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी यांपलीकडे तिथे फारसे काही नसते. गोलरक्षक उशिरा तयार होतात आणि त्यांचे आकडे समोरच्या बचावफळीवर अवलंबून असतात, म्हणून ड्राफ्टबाहेर राहिलेल्यांत चांगले गोलरक्षक सापडण्याची शक्यता नेहमीच मोठी असते. सर्गेई बॉब्रोव्स्की नोव्होकुझनेत्स्कच्या दुबळ्या संघाकडून खेळत असल्याने त्याच्या नावावर पराभव साचले होते. फिलाडेल्फिया फ्लायर्सने 2010 मध्ये पराभवांपलीकडे पाहिले, आणि पुढे इतर संघांकडून खेळताना त्याने दोनदा सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक व दोनदा स्टॅनले कप मिळवला. त्याच वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सने कॅम टॅलबॉटला अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल येथील छोट्याशा हॉकी कार्यक्रमातून उचलले आणि त्यानेही एनएचएलमध्ये दीर्घ कारकीर्द केली. अशा गोलरक्षकाच्या बाबतीत जागेवर पोहोचण्याची शिस्त, पहिला फटका अडवल्यावर सावरण्याचा वेग आणि गोल खाल्ल्यानंतरच्या पुढच्या पाच मिनिटांतील देहबोली पाहावी लागते. सेवेकडे गोलरक्षणाचा जाणकार निरीक्षक नसावा असे माझे मत झाले आहे, आणि तसे असेल तर हा विभाग तूर्त बंद ठेवलेला बरा.

करारविषयक पान नवख्या वाचकाला खूप शिकवणारे आहे. पहिल्या कराराची मुदत वयावर ठरते: 18 ते 21 वर्षांच्या खेळाडूला तीन वर्षांचा, 22 किंवा 23 वर्षांच्याला दोन वर्षांचा आणि 24 वर्षांच्याला एक वर्षाचा करार मिळतो. या करारातील पगाराला कमाल मर्यादा असल्यामुळे मागणी असलेल्या खेळाडूसाठी संघांना पैशाने एकमेकांवर मात करता येत नाही. म्हणून चढाओढ संधीची होते. कोणाच्या फळ्यांत जागा रिकामी आहे आणि कोण मार्च-एप्रिलमध्येच एनएचएलच्या सामन्यात उतरवून कराराचे पहिले वर्ष तिथल्या तिथे मोजून टाकायला तयार आहे, यावर कॉलेजच्या खेळाडूंचे निर्णय पुष्कळदा फिरतात. हे सगळे त्या पानावर सोप्या भाषेत आहे. पहिल्या हंगामात त्यात एक चूक होती: करार ज्या दिवशी झाला त्या दिवशीचे वय धरून मुदत काढली जात होती, प्रत्यक्षात त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरचे वय धरायचे असते, आणि उन्हाळ्यात वाढदिवस येणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत त्यामुळे एक वर्षाचा फरक पडत होता. मी कळवल्यावर आठवड्याच्या आत दुरुस्ती झाली आणि आधीच्या अहवालांतही ती केली गेली.

अमेरिकन हॉकी लीगपुरत्या (एनएचएलच्या खालच्या पातळीवरील लीगपुरत्या) करारांची दखल मात्र जवळजवळ घेतलीच जात नाही. एनएचएल करार न मिळालेला खेळाडू अशा करारावर एक-दोन वर्षे काढतो आणि त्यातून वर येतो. जोनाथन मार्शेसो याच वाटेने आला. अनेक संघ फिरून व्हेगासला पोहोचला आणि 2023 च्या स्टॅनले कपमध्ये प्लेऑफचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याला कॉन स्माइथ करंडक मिळाला. 'करार मिळाला नाही' एवढे लिहून अहवाल बंद करणे म्हणजे अशा खेळाडूचा माग अर्ध्यावर सोडणे होय.

वर्गणी वार्षिकच आहे आणि हे गैरसोयीचे आहे, कारण अहवालांची खरी गरज मार्चच्या शेवटी कॉलेज संघ एकामागून एक बाद होऊ लागल्यापासून जुलैतील विकास शिबिरांपर्यंतच असते. ज्यांना फक्त आपल्या आवडत्या संघाने कोणाला घेतले एवढेच जाणायचे आहे, त्यांनी ही सेवा घेऊ नये. ज्यांना सामने पाहताना खेळाडू वाचायला शिकायचे आहे, त्यांनी कॉलेज आणि ज्युनियर विभागांसाठी ती जरूर घ्यावी. मी तिसऱ्या हंगामाची वर्गणी भरली आहे. 1 ऑगस्ट 2025 पासून कॅनडाच्या प्रमुख ज्युनियर लीगमधील खेळाडूंना अमेरिकेतील कॉलेजांकडून खेळण्याची मुभा मिळाल्यामुळे, ज्युनियरची वर्षे संपल्यावर ज्या मुलाला विसाव्या वर्षी करार किंवा घर यांतून निवड करावी लागत होती, त्याला आता आणखी काही वर्षे वाढायला मिळतील. कॉलेज हॉकीत खेळणारे खेळाडू त्यामुळे अधिक प्रौढ आणि अधिक कसलेले होतील आणि तेथील गुणांचा जुना अर्थ बदलेल. सेवेच्या गुणांकाची मांडणी अजून त्या आधीच्या कॉलेज हॉकीवर आधारलेली आहे. ती नव्याने करावी आणि वयाचा स्तंभ त्याच वेळी जोडावा, अशी विनंती मी त्यांना लेखी केली आहे.